ते कुत्रं काम काय करतंय?

२०२४ सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट आहे. बेंगळूरहून म्हैसूरला जाणाऱ्या के.एस.आर.टी.सी.च्या बसमध्ये एक आजी आणि तिची नात चढली. सोबत पिंजऱ्यात चार लव्हबर्ड होते. 'शक्ती' योजनेमुळे आजीला तिकीट नाही, नातीला तिकीट नाही. पण कंडक्टरने पाखरांची तिकिटे फाडली! चार पाखरे म्हणजे चार लहान मुले असे धरून प्रत्येकी १११ रुपये, एकूण ४४४ रुपये. त्या तिकिटाचा फोटो साऱ्या कर्नाटकात फिरला. वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल. आमच्या घरीही त्यावर पोट धरून हसणे झाले. हसू ओसरल्यावर आमचे निपाणीचे मामा तेवढे म्हणाले, "पण त्या म्हातारीनं खोटं काय सांगितलं नाही की. पदराखाली झाकून नेता आली असती पाखरं."

मामांचे म्हणणे खरे होते. निपाणी-बेळगाव बसने नित्य प्रवास करणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे की पिशवीत कोंबडी लपवून नेणे ही आपल्याकडे एक कलाच आहे. कंडक्टर विचारतो, "चीलदाग एन ऐतिरी?" उत्तर येते, "भाजी आहे बाबा, भाजी." आणि संकेश्वरच्या अलीकडे ती भाजी ओरडू लागते. मग अर्धी बस हसते, कंडक्टरही हसतो आणि तिकीट फाडतो किंवा फाडत नाही. ही लबाडी जुनी आहे, उघडी आहे, आणि तिने कोंबडीवाल्याखेरीज कुणाचे फारसे बिघडत नाही. मला लिहायचे आहे ते दुसऱ्या एका लबाडीविषयी. तिच्यात जनावर लपवावे लागत नाही. उलट ते सर्वांसमोर मिरवत न्यायचे असते.

गेल्या डिसेंबरात माझा मावसभाऊ अमेरिकेहून आला होता. तो न्यू जर्सीत नोकरीला आहे. आम्ही सगळी भावंडे त्याला दादा म्हणतो. निपाणीला आजीच्या घरी आम्ही जमलो होतो. जेवणे झाली, पान-सुपारी झाली आणि दादाने फोनवर त्याच्या कुत्र्याचे फोटो दाखवायला सुरुवात केली. कुत्र्याचे नाव ब्रूनो. एका फोटोत ब्रूनोच्या अंगात लाल जाकीट होते आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेले होते. आजीने विचारले, "थंडीचं घातलंय होय?" दादा हसून म्हणाला, "नाही गं आजी, तो त्याचा युनिफॉर्म आहे. तो माझा इमोशनल सपोर्ट ॲनिमल आहे."

मग त्याने जे सांगितले ते असे. तो राहतो त्या इमारतीत कुत्रा पाळायचा तर महिन्याला ५० डॉलर जादा भाडे पडते. पण तुमच्या मानसिक आरोग्यासाठी ते जनावर जवळ असणे आवश्यक आहे असे पत्र असेल, तर घरमालक ते भाडे घेत नाही. दादाने इंटरनेटवर एक फॉर्म भरला. झोप नीट लागते का, उदास वाटते का, असे दहा-बारा प्रश्न होते. दीडशे डॉलर भरले. दोन दिवसांत कुणा एका परवानाधारकाच्या सहीचे पत्र आले. त्या माणसाने दादाला कधी पाहिलेले नाही, ब्रूनोला तर नाहीच. लाल जाकीट निराळे मागवले. ते कुणालाही विकत मिळते. वर्षाचे सहाशे वाचले, दीडशे गेले, निव्वळ नफा साडेचारशे डॉलर. मी बी.कॉम.ची विद्यार्थिनी असल्यामुळे हा हिशेब मी मनातल्या मनात लगेच मांडला आणि मलाही तो व्यवहार चोख वाटला, हे कबूल करते. सगळे हसत होते. धाकटा तर म्हणाला, आपल्या गोठ्यातल्या म्हशीलाही एक जाकीट शिवू या!

मामा कोपऱ्यात आरामखुर्चीवर बसले होते. ते म्हणाले, "ते कुत्रं काम काय करतंय रे?"

दादा म्हणाला, "काम? काही नाही मामा. सोफ्यावर झोपतो दिवसभर."

मामा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी हाताने चाचपून काठी उचलली आणि ते आत झोपायला गेले. आमच्या मामांना जन्मापासून दिसत नाही.

त्या रात्रीनंतर मी या विषयावर मिळेल ते वाचले. आपल्याकडे तो नवा असल्यामुळे थोडे सविस्तर सांगते. आंधळ्या माणसाला वाट दाखवणारा शिकवलेला कुत्रा ही कल्पना पहिल्या महायुद्धातून आली. युद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत १९१६ साली ओल्डेनबुर्ग येथे अशा कुत्र्यांची शाळा निघाली. अमेरिकेत ही गोष्ट नेली ती मॉरिस फ्रँक नावाच्या अंध तरुणाने. १९२८ साली तो स्वित्झर्लंडमध्ये राहून बडी नावाच्या कुत्रीबरोबर चालायला शिकला आणि तिला घेऊन न्यूयॉर्कच्या बंदरावर उतरला. समोर वाहनांचा लोंढा होता, बातमीदार बघायला जमले होते. बडीने त्याला तो रस्ता सुखरूप ओलांडून दिला. पुढच्याच वर्षी 'द सीइंग आय' ही संस्था सुरू झाली. गंमत अशी की ही संस्था आज न्यू जर्सीतच, मॉरिसटाऊन गावी आहे. म्हणजे ज्या राज्यात आमचा ब्रूनो जाकीट घालून झोपतो त्याच राज्यात!

या कुत्र्यांच्या शिक्षणातला एक भाग वाचून मी थक्क झाले. साध्या कुत्र्याला आपण आज्ञा पाळायला शिकवतो. याला आज्ञा मोडायलाही शिकवतात. मालक म्हणाला 'चल', पण समोरून मोटार येत आहे, तर कुत्रा जागचा हलत नाही. मालकाने पुन्हा सांगितले तरी हलत नाही. केव्हा ऐकायचे आणि केव्हा ऐकायचे नाही हे त्या मुक्या जनावराने ठरवायचे आणि त्यावर एका माणसाचा जीव सोपवायचा. ही किमया महिनोन् महिन्यांच्या मेहनतीने साधते. आपल्याकडेही कामाचे कुत्रे काही नवीन नाहीत. आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातला मुधोळचा शिकारी कुत्रा घ्या. घोरपडे संस्थानिकांनी ती जात जोपासली, २००५ साली तिच्यावर पोस्टाचे तिकीट निघाले आणि २०१६ पासून मुधोळची पिल्ले मेरठच्या लष्करी केंद्रात शिक्षणासाठी गेली. कुत्रा हा घराचा लाडका आणि कामाचा सोबती दोन्ही असू शकतो, पण लाड केल्याने तो कामाचा होत नाही.

मॉरिस फ्रँकने पुढची वर्षे एकच खटपट केली. हॉटेलात, दुकानात, आगगाडीत 'कुत्र्यांना मज्जाव' ही पाटी असते. ती या कुत्र्यांना लागू नये. कारण त्यांना मज्जाव म्हणजे त्या माणसालाच मज्जाव. १९५६ पर्यंत अमेरिकेतल्या सर्व राज्यांनी तसे कायदे केले. पुढे १९८६ मध्ये विमानप्रवासाचा आणि १९९० मध्ये अपंगांच्या हक्कांचा मोठा कायदा झाला. या १९९० च्या कायद्याखाली दुकानदाराला दारात दोनच प्रश्न विचारता येतात: हा कुत्रा तुमच्या अपंगत्वासाठी लागतो का? आणि तो कोणते काम करायला शिकलेला आहे? सर्टिफिकेट मागायचे नाही, अपंगत्वाचा पुरावा मागायचा नाही. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. निपाणीच्या आरामखुर्चीवरून आमच्या मामांनी, कुठलाही कायदा न वाचता, नेमका दुसरा प्रश्न विचारला होता!

कागद का मागायचा नाही, हेही समजून घेतले पाहिजे. ज्याला दिसत नाही त्याने चहाच्या दुकानात, बसमध्ये, देवळात, प्रत्येक उंबऱ्यावर खिशातून दाखला काढून दाखवत बसावे काय? म्हणून कायद्याने विश्वास ठेवला. आणि जिथे विश्वास असतो तिथेच खोटे नाणे आधी चालते.

मनाला धीर देणारे जनावर हा प्रकार याहून वेगळा. त्याला काही शिकवावे लागत नाही. त्याने नुसते जवळ असावे. (मानसिक आजाराच्या रुग्णासाठी खास शिकवलेले कुत्रेही असतात, ते खरे कामाचे कुत्रे, त्यांना यात ओढू नये.) विमान कंपन्या अशा धीर देणाऱ्या जनावरांना पत्र दाखवल्यावर फुकट नेत असत. मग काय विचारता! कुत्री, मांजरे, डुकरे, बदके, जे ज्याला लाडके ते त्याला आवश्यक झाले. विमान कंपन्यांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१६ साली अशी ४ लाख ८१ हजार जनावरे विमानात बसली, आणि एका वर्षात तो आकडा ७ लाख ५१ हजारांवर गेला. एका वर्षात एवढ्या लोकांची मने एकाएकी खचली असे मानायला निदान मी तरी तयार नाही. जानेवारी २०१८ मध्ये न्यूअर्कच्या विमानतळावर एक बाई चक्क मोर घेऊन आल्या. मोरासाठी त्यांनी निराळे तिकीटही काढले होते म्हणतात, पण कंपनीने त्याला चढू दिले नाही. कार्तिकेयाचे वाहन खालीच राहिले!

हसायला येते खरे, पण शिकवलेले नसलेले कुत्रे विमानात भुंकले, चावले, घाण करून बसले. शेवटी अमेरिकेच्या वाहतूक खात्याने नियम बदलला. ११ जानेवारी २०२१ पासून विमानात 'सेवेचे जनावर' म्हणजे फक्त शिकवलेला कुत्रा. धीर देणारी बाकी सारी जनावरे साध्या पाळीव जनावरांत जमा. आणि ज्यांचा कुत्रा खरा होता त्यांच्याकडूनही आता विमान कंपनी सरकारी फॉर्म भरून मागू शकते. मोर आणला दुसऱ्याने, फॉर्म भरायचा आंधळ्याने. पत्रे विकणाऱ्यांवरही काही ठिकाणी लगाम आला. कॅलिफोर्नियात २०२२ पासून असा नियम आहे की निदान ३० दिवस ओळखदेख झाल्याखेरीज असे कुत्र्याचे पत्र देता येत नाही.

पहिल्या वर्षाला आम्हाला ग्रेशमचा नियम होता. वाईट नाणे चांगल्या नाण्याला चलनातून घालवते. परीक्षेत तो पाच मार्कांना येतो आणि आम्ही सोन्याचांदीचे उदाहरण देऊन मोकळे होतो. त्या सोळाव्या शतकातल्या ग्रेशमसाहेबाला लाल जाकिटे ठाऊक नव्हती. पण कसे चालते पाहा. दुकानात आठवड्याला चार जाकीटवाले कुत्रे येतात, त्यांतले तीन भाजी हुंगतात आणि गिऱ्हाइकांवर गुरगुरतात. चौथा खरा असतो. दुकानदार आता चौथ्याकडेही त्याच नजरेने बघतो. जाकिटाची किंमत उतरली. आणि ज्याच्याजवळ त्या जाकिटाखेरीज दुसरे काही नाही, त्याचीच रोकड बुडाली.

कुणी म्हणेल, ही सारी अमेरिकेची सुखाची दुखणी! बेळगावच्या खडेबाजारात वाट दाखवणारा कुत्रा कुणी पाहिलाय? मीही पाहिलेला नाही. मामांना मी एकदा विचारले होते, असा कुत्रा मिळाला तर घ्याल का? ते म्हणाले, "त्याला गणपत गल्लीत चालवायचं म्हणजे त्याच्यासाठी आणखी एक कुत्रा लागेल." फुटपाथवर दुकाने, रस्त्यावर गाड्या आणि चौकाचौकात मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या, त्या बिचाऱ्याने कुणाकुणाकडे बघायचे? आपल्याकडे हे काम माणूस करतो. त्याला रेल्वेच्या भाषेत सोबती म्हणतात. अंध प्रवाशाला स्लीपरच्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते आणि त्याच्या एका सोबत्यालाही तेवढीच मिळते. म्हणजे सोबत्याची सवलत ही सोबत्यासाठी नसतेच. ती त्याच्या कामासाठी असते.

आता मला जे लिहायचे नव्हते तेच लिहावे लागणार आहे.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये एका बारशासाठी मामांना पुण्याला जायचे होते. मीही निघाले. बेळगावहून रात्रीची गाडी. मामांचे तिकीट चतुर्थांश पैशांत, सोबती म्हणून माझेही चतुर्थांश पैशांत. घरी मी सर्वांना ऐटीत सांगितले, "मामांना मी नेणार." मामांना खालची बर्थ होती, मला त्यांच्या डोक्यावरची सगळ्यात वरची. मिरज येईपर्यंत मी खाली बसले. मिरजेला चहा झाला. नंतर वर चढले, कानात इअरफोन घातले आणि गाणी ऐकता ऐकता झोपले.

मध्यरात्रीनंतर केव्हातरी मामांना लघवीला जायचे झाले. त्यांनी मला दोन हाका मारल्या. मला ऐकू गेल्या नाहीत. मोठ्याने ओरडून लोकांची झोपमोड कशाला करायची, म्हणून ते एकटेच गेले. काठी घडी करून उशाखाली होती, ती त्यांनी घेतली नाही. डब्यात लोकांच्या चपला आणि सामान असते, काठी त्यात अडकते. परत येताना ते हाताने बर्थ मोजत आले आणि एक बर्थ चुकले. त्यांचा हात एका झोपलेल्या बाईंच्या पायाला लागला. त्या किंचाळून उठल्या.

मला जाग आली ती त्या गलक्याने. खाली दिवा लागला होता. चार-पाच माणसे उभी होती आणि एकाने मामांचा दंड घट्ट धरला होता. कुणी म्हणत होते, प्यालेला दिसतो. मामा शांतपणे सांगत होते, "मला दिसत नाही हो. माझी जागा चुकली." त्यावर एकजण म्हणाला, "पकडल्यावर सगळे असंच म्हणतात. आता तर आय.ए.एस.वाले पण म्हणतात!"

तो असे का म्हणाला हे वाचकांच्या ध्यानात येईल. त्या दिवसांत पुण्याच्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याचे प्रकरण रोज पेपरात गाजत होते. ३१ जुलै २०२४ ला लोकसेवा आयोगाने त्यांची उमेदवारी रद्द केली होती आणि त्यांच्या अपंगत्वाच्या दाखल्यांवरून देशभर वाद चालू होता. पुढे सप्टेंबरात केंद्र सरकारने त्यांना सेवेतून काढले. त्यांनी आरोप नाकारले आणि प्रकरण न्यायालयात गेले. त्याचा निवाडा मी करणार नाही. पण त्या दोन महिन्यांत आणखी एक गोष्ट घडली तिच्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. अपंगांच्या जागेवरून निवड झालेल्या दुसऱ्या अधिकाऱ्यांचे फोटो आणि चित्रफिती लोक शोधून काढू लागले. हा तर सायकल चालवतो, ही तर नीट उभी आहे, यांचे अपंगत्व कसले! ज्यांनी काही केले नव्हते त्यांच्यावरही शिंतोडे उडाले. आणि त्यातलाच एक शिंतोडा दिल्लीपासून इतक्या दूर, मध्यरात्री, सातारच्या आसपास, स्लीपरच्या डब्यात आमच्या मामांच्या अंगावर येऊन पडला.

मी धडपडत खाली उतरले आणि म्हणाले, हे माझे मामा आहेत, त्यांना खरेच दिसत नाही. उशाखालची काठी काढून दाखवली. लोकांनी दंड सोडला. त्या बाईंना फार वाईट वाटले, त्या हात जोडू लागल्या. पण ज्याने दंड धरला होता त्याने मला विचारले, "तू यांच्यासोबत आहेस ना? मग होतीस कुठं?"

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. अजून नाही. दादाच्या ब्रूनोला हसण्याचा अधिकार मला कितपत आहे? सवलतीच्या तिकिटावर बसून वरच्या बर्थवर झोपलेले ते बिनकामाचे जनावर त्या रात्री मीच होते. फक्त लाल जाकीट नव्हते. मामांनी त्यानंतर या गोष्टीचा एका अक्षराने उल्लेख केला नाही, घरीही कुणाला सांगितली नाही. पुणे आल्यावर त्यांनी नेहमीसारखा माझ्या कोपरावर हात ठेवला आणि आम्ही उतरलो. आईला हे कळेल ते हा अंक घरी आल्यावरच.

दादा परत जाण्याआधी मी हे सारे त्याला सांगितले. तो चिडला नाही, पण त्याने आपली बाजू मांडली आणि ती अगदीच टाकाऊ नाही. तो म्हणाला, कुत्र्यामागे महिन्याला ५० डॉलर घेणे ही घरमालकाची लूट नाही काय? आणि २०२० साली करोनात मी त्या खोलीत महिनोन् महिने एकटा होतो, ऑफिस बंद, येणे-जाणे बंद, इकडे आजोबा वारले तरी येता आले नाही. तेव्हा ब्रूनो नसता तर माझे काय झाले असते सांग. मग त्याने धीर दिला हे खोटे कसे?

त्यावर मी गप्प झाले, कारण आजोबा गेले तेव्हा फोनवर त्याचा आवाज कसा होता ते मी ऐकले आहे. कुत्र्याने धीर दिला हे खरेच आहे. आपल्या पिंजऱ्यातल्या पाखरांनी त्या बेंगळूरच्या आजीलाही धीर दिला असेल, तरी तिने ४४४ रुपये मोजले. एकटेपणा खरा आहे, आणि त्याचे आजारपण झाले तर त्यालाही खरा डॉक्टर आहे. पण पत्रात 'मी एकटा आहे' असे लिहिलेले नाही. त्यात लिहिले आहे की या माणसाला एक अपंगत्व आहे. ते वाक्य दादाने दीडशे डॉलरला विकत घेतले. भाडे अन्यायाचे असेल तर त्यासाठी भाडेकरूंनी एकत्र येऊन भांडावे. आंधळ्याच्या दारातून आत शिरू नये. 'कंपनीच श्रीमंत आहे, कुणाचे काय जाते' हे तर आपल्या प्रत्येक फुकट्याचे पहिले वाक्य असते. मी स्वतः 'शक्ती'वर फुकट प्रवास करते. ते कायद्याने माझे आहे, म्हणून मला त्याची लाज वाटत नाही. उद्या कुणी पुरुष पदर घेऊन बसला तर मात्र मी ओरडेन!

आपल्या भागातल्या मित्रांना ही गोष्ट अगदी जवळच्या उदाहरणाने पटेल. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग वगैरेच्या प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी निराळी तरतूद आहे. ८६५ गावांपैकी आपण आहोत आणि आपली मातृभाषा मराठी आहे याचा दाखला त्यासाठी लागतो. सीमावादात मी शिरत नाही. या अंकाच्या कन्नड विभागात माझ्या मैत्रिणी लिहितात आणि त्या आधी मैत्रिणी आहेत. पण समजा, पुण्या-मुंबईच्या कुणा श्रीमंताच्या मुलाने असा दाखला विकत घेतला आणि आपल्यापैकी एकाची जागा पटकावली, तर आपल्याला 'कुणाचे काय जाते' असे वाटेल काय? आणि पुढच्या वर्षी प्रवेशाच्या खिडकीवरचा माणूस आपल्या खऱ्या दाखल्याकडे उलटसुलट करून बघू लागला, 'तुमच्याकडे सगळे असेच आणतात' म्हणाला, तर? आमच्या आई-वडिलांनी ज्या कागदासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या त्याचे मोल एका खोट्या कागदाने उतरते.

उपाय काय, असे संपादक विचारतील. कायदा आपल्याकडे आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, आणि अपंगांसाठीचा लाभ फसवून घेणाऱ्याला त्याच्या ९१ व्या कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परंतु आपल्याकडे लबाडी उघडकीस आली की पहिली गोष्ट होते ती म्हणजे खऱ्यांची पुन्हा तपासणी. जन्मांधाने किती वेळा सिद्ध करायचे की आपण जन्मांध आहोत? मामा बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते. त्या काळातला त्यांचा दाखला, मग नवे कार्ड, मग त्या कार्डासाठी पुन्हा सरकारी दवाखाना, पुन्हा रांग, पुन्हा डोळ्यांवर बॅटरी. दरवेळी तोच प्रश्न आणि तेच उत्तर. माझे मत असे की पकडायचे तर पत्र विकणाऱ्याला आणि सही करणाऱ्याला पकडावे. त्यांचा धंदा उघड्यावर चालतो, शोधायला फार लांब जावे लागणार नाही. आणि दारात उभ्या असलेल्या माणसाला विचारायचेच असेल तर मामांचा प्रश्न विचारावा. कागद काय आहे हे विचारू नये, काम काय आहे हे विचारावे. वाट दाखवणाऱ्या कुत्र्याला त्याचे उत्तर तोंडाने द्यावेच लागत नाही. दोन पावले चालताच ते कळते. ब्रूनोचेही दोन पावलांत कळले असते. माझे कळायला मध्यरात्र व्हावी लागली.

या मे महिन्यात मामांना पुन्हा पुण्याला जायचे आहे. आईने विचारले, कोण जाणार सोबत? मामांनी माझे नाव सांगितले. मी म्हणाले, या वेळी माझे तिकीट पूर्ण पैसे देऊन काढते. त्यावर मामा म्हणाले, "कशाला? सवलत आहे ती घे की. फक्त मधली बर्थ बघ. आणि कानातलं ते घरी ठेव." तिकिटे काढली आहेत. मधली मिळाली नाही, समोरची खालची मिळाली.

दादाच्या पत्राची मुदत मार्चमध्ये संपते. नवे पत्र घ्यायचे की दरमहा ५० डॉलर भरायचे, याविषयी त्याने अजून काही कळवलेले नाही. परवा फोनवर मामांनी त्याला एवढेच विचारले की मोटार आली की ब्रूनो थांबतो का. दादा म्हणाला, नाही, तिच्यामागे धावतो.